कॉलरबाईंचं उठणं

कॉलरबाईंनी चौतीस वर्षं फक्त कॉलरी शिवल्या. बाह्या नाहीत, खिसे नाहीत, काजं नाहीत. शिलाईच्या कारखान्यात साठ यंत्रांच्या रांगेत त्यांचं यंत्र खिडकीकडून चौथं, आणि शर्टाचा तेवढाच भाग त्यांच्या वाट्याचा. अख्खा शर्ट त्यांनी जन्मात एकच शिवला, यजमानांसाठी, आणि तो कॉलर सोडून सगळीकडे फसला. एक बाही लांब, एक आखूड. यजमान तो घालून छापखान्यात गेले, तेव्हा तिथला फोरमन म्हणाला, "गळ्याशी साहेब दिसतोस, त्याखाली आमच्यातलाच." यजमानांनी तो शर्ट फाटेपर्यंत वापरला.

कॉलरबाई हे नाव कारखान्यातच पडलं आणि घरापर्यंत आलं. नावावरून लोकांना वाटे, बाई ताठ असणार. बाई ताठ नव्हत्या, बसलेल्या होत्या. सकाळी यंत्रापुढे बसायच्या, संध्याकाळी घरी येऊन खिडकीपाशी बसायच्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी कारखाना बंद झाला, यंत्रं ट्रकमध्ये चढली, आणि बाई घरी आल्या त्या खिडकीतल्या खुर्चीत बसल्या. एका खुर्चीतून उठून दुसरीत बसायला त्यांना चौतीस वर्षं लागली, असं यजमान म्हणायचे.

म्हणायचे, कारण उठण्याचं सगळं खातं यजमानांकडे होतं. दूध आणायचं, पंखा बंद करायचा, दार उघडायचं, वाळत घातलेलं काढायचं. बाई नुसतं "अहो" म्हणायच्या. छापखान्यातल्या यंत्रांनी यजमानांचे कान खाल्ले होते, तेव्हा तो "अहो" दर वर्षी थोडा मोठा होत गेला. मग ऐकायचं यंत्र आलं, कानामागे बसणारं, कातडीच्या रंगाचं, काजूएवढं. ते नीट बसलं नाही की शिट्टी वाजवायचं. जेवताना शिट्टी, बातम्यांत शिट्टी, कूस बदलली की शिट्टी. "तुमच्या कानात रेल्वेचा गार्ड बसलाय," असं बाई म्हणायच्या. यजमानांना शिट्टी ऐकू यायची नाही. ती फक्त बाईंना यायची.

मग एके दिवशी ते यंत्र हरवलं. यजमानांनी स्वेटर डोक्यावरून काढला आणि यंत्र कुठंतरी उडालं. त्यांनी खिसे पाहिले, गादी झटकली, आंघोळीची बादली उपडी केली. पाठ धरलेली, त्यामुळं वाकता येईना. ते आतल्या मोरीतून म्हणाले, "कपाटाखाली बघतेस का जरा?" बाई बाहेर खुर्चीत होत्या. त्या थोडा वेळ थांबल्या, माणसाला वाकून बघायला लागतो तेवढा, आणि मोठ्यानं म्हणाल्या, "बघितलं. नाही तिथं."

त्या उठल्या नव्हत्या.

खरं सांगायचं तर यंत्र नसल्याचं त्यांना जरा बरंच वाटलं. शिट्टी थांबली. ओरडून बोलणं आधीच जड झालं होतं, तेही थांबलं. बोट वर केलं की चहा, हात हलवला की नको. दोघांनी बावीस दिवस असे काढले, मुक्या नाटकातल्या पात्रांसारखे. तेविसाव्या दिवशी यजमान गेले, बसथांब्यावर. बाकावर बसले होते, बस आली, सगळे चढले, ते बसूनच राहिले. निरोप घेऊन आलेल्या माणसाला बाई म्हणाल्या, "त्यांना ऐकू आलं नसेल."

त्यानंतर अकरा महिने बाईंना काही झालं नाही. रडू आलं नाही, भूक गेली नाही, झोप मोडली नाही. पाय फार वेळ मुडपून ठेवला की तो जसा आपला राहत नाही, तसं सगळंच झालं होतं, इतकंच. मुंग्यासुद्धा नव्हत्या. खिडकीतून त्या दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायच्या, खालच्या मजल्यावरच्या वहिनी त्यात दूध आणि पाव ठेवायच्या, बाई टोपली वर ओढायच्या. जिन्याला अडतीस पायऱ्या होत्या. अकरा महिन्यांत बाईंनी त्यातली एकही पाहिली नाही.

आणि मग त्या पडल्या. पडल्या म्हणजे काय, आतल्या खोलीत कपाटाचा खालचा खण ओढत होत्या, तो अख्खाच बाहेर आला आणि बाई जमिनीवर बसल्या. हाड मोडलं नाही, खरचटलंही नाही. फक्त उठता येईना. हाताला जोर नाही, गुडघा वळेना, कुशीवर झालं तर पुढं काय करायचं ते आठवेना. सकाळचे साडेदहा वाजले होते. बाई आडव्या झाल्या, गाल फरशीला लागला, आणि त्यांना कपाटाखालचं दिसलं.

मागच्या पायाशी, भिंतीला लागून, ते यंत्र पडलं होतं.

बाईंनी हात घातला. वीतभर कमी पडला. यंत्राच्या शेजारीच जुन्या नळाचं भोक होतं, फरशीत उघडं राहिलेलं. काठीनं किंवा झाडूनं ओढायला गेलं तर ते हमखास त्यात जाणार होतं. हातानंच काढायला हवं, पोटावर होऊन, खांदा कपाटाखाली घालून. बाईंना पोटावर होता येईना. त्या तशाच पडून राहिल्या. पाच तास वीस मिनिटं त्या आणि ते यंत्र एकमेकांकडे बघत होते.

खालच्या वहिनींना टोपलीमुळं कळलं. दूध सकाळपासून टोपलीतच, उन्हात फुटलेलं. त्या जादा किल्लीनं आत आल्या, तळमजल्यावरच्या कंडक्टरला हाक मारली, दोघांनी काखेत हात घालून बाईंना उचललं.

"हाक तरी मारायची," वहिनी म्हणाल्या. "मी खालीच होते. घसा गेला होता का?"

"सुचलं नाही," बाई म्हणाल्या.

यंत्राबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. कंडक्टरचा हात लांब होता, त्यानं सहज काढून दिलं असतं. पण ते दुसऱ्या कुणी काढायचं नव्हतं.

दोन दिवसांनी मुलगा आला. तो पाच तासांवरच्या शहरात लिफ्ट दुरुस्त करायचा. आल्या आल्या त्यानं खोलीभर नजर फिरवली, जशी तो अडकलेल्या लिफ्टवर फिरवत असणार, आणि समोर स्टूल ओढून बसला.

"आई, मी जगाच्या लिफ्ट वर चढवतो आणि माझी आई जमिनीवरून वर येत नाही. बरं दिसतं का हे?"

"येत नाही असं नाही. त्या दिवशी आले नाही."

"पाच तास."

"घाई नव्हती."

मुलगा हसला नाही. त्याच्याकडे एक खोली रिकामी होती, बाल्कनीची. सुनेनं तिथं पडदेसुद्धा लावून ठेवले होते. माणसं वाईट नव्हती, हीच तर अडचण होती. "तीन महिने देतो," तो म्हणाला. "तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी येईन. माझ्यासमोर जमिनीवर बसायचं आणि कुणाचा हात न धरता उठायचं. उठलीस तर राहा इथं, मी परत विषय काढणार नाही. नाही उठलीस तर या खोल्या सोडायच्या. येताना खोकी घेऊनच येतो."

"बरं," बाई म्हणाल्या.

इथं राहायचंय की नाही, हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. मनात डोकावून बघितलं तर तिथं कुणी उत्तर देत नव्हतं. पण खोल्या सोडायच्या म्हणजे कपाट हलणार. कपाट हललं की ते यंत्र मुलाच्या हाताला लागणार, नाहीतर भोकात जाणार. एवढं मात्र त्यांना स्पष्ट दिसत होतं, गाल फरशीला लावून बघितल्यासारखं.

सरकारी दवाखान्याच्या तळघरात व्यायामाचा विभाग होता. तिथं जायच्या दिवशी वहिनी आणि कंडक्टर बाईंना दोन्ही बाजूंनी धरून जिना उतरवायचे आणि रिक्षात बसवायचे. लांबट खोली, भिंतभर आरसा, दोन समांतर दांड्या, कोपऱ्यात एक मोठा रबरी चेंडू. तिथला फिजिओ पंचावन्नचा, पोट सुटलेला, चष्मा कपाळावर चढवलेला. "डॉक्टर म्हणू नका, मी डॉक्टर नाही," तो म्हणाला. बाईंना आयुष्यात ज्यानं ज्यानं काही शिकवलं तो मास्तर होता, म्हणून हाही मास्तर झाला.

मास्तरांनी त्यांना हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. बाईंनी प्रयत्न केला. अंग पुढं झालं, मागं झालं, उठलं नाही.

"किती वर्षं बसलात?"

"चाळीस. चौतीस कारखान्यात, बाकी घरी."

"मग आता उठायची एवढी घाई का?"

"तीन महिन्यांत उठायचंय."

मास्तरांनी टेप काढली आणि पोटऱ्या मोजायला घेतल्या. बाई खाली बघून म्हणाल्या, "पिळलीय टेप तुमची. माप पाव इंच चुकेल." मास्तरांनी टेप सरळ केली. उजवी पोटरी डावीपेक्षा पाऊण इंच जाड भरली. चौतीस वर्षं यंत्राचं पेडल उजव्या पायानं दाबलं होतं.

"हा उजवा तुमचा कामगार," मास्तर म्हणाले, "आणि हा डावा प्रेक्षक. फुकट पासावर आलेला. त्याला आता कामाला लावायचा."

त्यांनी एका कार्डावर सात व्यायाम लिहून दिले. खुर्चीतून उठबस, भिंतीला हात टेकून ढकलणं, टाचा उचलणं, असले. प्रत्येक दहा वेळा, रोज. आठवड्यानं परत यायचं.

इथं बाईंनी जी चूक केली ती फक्त रांगेत बसून शिवणारी बाईच करील. कारखान्यात कुणी एक कॉलर सुरुवातीपासून शेवटपर्यंत करत नाही. आधी बंडलातल्या सगळ्या कॉलरींचे पदर जोडायचे, मग सगळ्या उलटवायच्या, मग सगळ्यांची टोकं काढायची, मग सगळ्यांवर वरची टीप मारायची. एकेक करत बसलं तर दर वेळी हात बदलतो आणि दिवस फुकट जातो. बाईंनी कार्ड वाचलं आणि डोक्यात त्याचं आपोआप बंडल झालं. दहा नग, सात दिवस, म्हणजे प्रत्येकाचे सत्तर. सोमवारी सकाळी दहाला त्यांनी पहिला व्यायाम घेतला, त्याचे सत्तर संपवले, मग दुसरा घेतला. मधे उभ्यानंच चहा प्यायल्या. पाच वाजता चारशे नव्वद नग पूर्ण झाले. कार्डावर सातही दिवसांपुढं बरोबरच्या खुणा केल्या आणि त्या खुर्चीत बसल्या. बऱ्याच दिवसांनी काम हातावेगळं केल्यासारखं झालं होतं.

मंगळवारी त्यांना कप उचलता आला नाही. बुधवारी मान वळली नाही. शुक्रवारपर्यंत खालच्या वहिनी वर येऊन चमच्यानं चहा पाजत होत्या आणि दर चमच्याला एक वाक्य पाजत होत्या.

"चारशे नव्वद," एक चमचा. "लग्नात अक्षता तरी एवढ्या पडल्या होत्या का तुमच्यावर," दुसरा चमचा. "आणि ती टोपली उद्यापासून बंद. मी काही तुमची विहीर नाही, दोरी सोडली की भरून द्यायला. बऱ्या झालात की खाली यायचं, हातात दूध घ्यायचं, वर जायचं."

मास्तरांनी कार्डावरच्या खुणा बघितल्या, बाईंची चाल बघितली, आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

"बाई, जेवणसुद्धा आठवड्याचं सोमवारीच उरकता का?"

"कारखान्यात असते तर सहा दिवस पुढं असते."

"असाल. पण हे शरीर बंडल घेत नाही. रोजचे दहा घेतं. अकरावा दिला की पावती देत नाही, उलट दंड लावतं." त्यांनी खुणा खोडल्या. "आता कसं वाटतंय?"

"काही वाटत नाही."

"दुखतंय?"

"ते वाटतं."

"चला," मास्तर म्हणाले, "काहीतरी वाटतंय."

मग रोजचे दहा सुरू झाले. या भागात सांगण्यासारखं फारसं काही नाही, आणि बाईंनाही त्यात काही वाटलं नाही. पहिल्या आठवड्यात एकट्यानं सहा पायऱ्या उतरून परत वर. तिसऱ्यात वहिनींच्या दारापर्यंत. पाचव्यात रस्ता. दुधाची पिशवी हातात घेऊन त्या कठड्याला धरून वर यायच्या आणि वहिनी दारातून मोठ्यानं मोजायच्या, मुद्दाम चुकीचं. "बावीस, तेवीस, सव्वीस." बाई म्हणायच्या, "चोवीस."  मास्तर एकदा टाळी वाजवून म्हणाले, "पोटरी अर्धा इंच वाढली." बाईंनी दुसऱ्या कुणाच्या पोटरीकडे बघावं तसं बघितलं आणि टेप सरळ आहे ना एवढं तपासलं.

सहाव्या आठवड्यात चटई आली. मास्तरांनी उठण्याचे पाच भाग केले. कुशीवर व्हायचं. कोपरावर यायचं. रांगायच्या स्थितीत जायचं. एक पाय पुढं रोवायचा. मग गुडघ्यावर दोन्ही हात दाबून वर. बाईंना हे पाठ होईना. कुशीवरून रांगण्यात जाताना त्या दर वेळी अडकायच्या, अर्ध्या उलटलेल्या पिशवीसारख्या.

"इथं काय होतंय?" मास्तरांनी विचारलं.

बाई चटईवर पडूनच विचार करत होत्या. "कॉलर उलटवताना टोक आत अडकतं," त्या म्हणाल्या. "आधी ते सुईनं बाहेर काढायचं. ओढत बसलं तर फाटतं."

"तुमचं टोक कुठलं?"

"हे कोपर असावं."

आधी कोपर बाहेर काढलं आणि बाई उलटल्या. मास्तर तिथंच खाली बसले आणि म्हणाले, "परत दाखवा. माझे सगळे पेशंट इथंच अडकतात."

तरीही आकडे काही चांगले नव्हते. उरलेल्या आठवड्यांत चटईवरून त्यांनी सात वेळा एकट्यानं उठायचा प्रयत्न केला. दोनदा जमलं. पाचदा डाव्या पायानं दगा दिला आणि मास्तरांचा हात धरावा लागला. शेवटच्या शुक्रवारी मास्तर म्हणाले, "मुलाला सांगा, अजून महिना द्या. मी लिहून देतो."

"नको," बाई म्हणाल्या. "तारीख ठरलीय."

"आणि घरी एकट्यानं चटईवर जायचं नाही. कुणी असेल तरच. दाराला आतून कडी तर मुळीच नाही."

"बरं," बाई म्हणाल्या.

रविवारी मुलगा दुपारच्या गाडीनं येणार होता. बाईंनी सकाळी दूध आणलं, घर झाडलं, केस विंचरले. साडेनऊ वाजता दाराला आतून कडी घातली, कारण वहिनी केव्हाही येत. मग त्या आतल्या खोलीत गेल्या आणि कपाटासमोर उभ्या राहिल्या. एकट्यानं, चटईशिवाय, मास्तरांशिवाय, त्याच जागी. दुपारी परीक्षेत काय होईल ते होवो. कपाट हलायच्या आत ते काढायचं होतं.

खाली जाणं सोपं होतं. एक गुडघा, दुसरा, हात, कूस, पोट. फरशी गालाला गार लागली. ते तिथंच होतं, धुळीनं राखाडी झालेलं. बाईंनी खांदा कपाटाखाली घातला. हात पुढं, आणखी पुढं, भोकाच्या अलीकडून वळसा घेऊन. चिमटीत कॉलरचं टोक धरतात तसं त्यांनी दोन बोटांत ते धरलं आणि बाहेर आणलं.

मग त्या उताण्या होऊन पडून राहिल्या.

काहीतरी होईल असं त्यांना वाटलं होतं. निदान रडू. झालं काहीच नाही. मुठीत एक काजूएवढी वस्तू होती आणि छताला एक भेग होती. उठायचे पाच भाग त्यांना पाठ होते. पहिला भाग सुरू का करायचा, हे मात्र कुठल्या कार्डावर लिहिलेलं नव्हतं. पडून राहणं किती सोपं होतं. आयुष्यभर त्यांनी तेच तर केलं होतं, फक्त खुर्चीत बसून.

दारावर थाप पडली.

"आई, मी आलो. कंपनीची गाडी मिळाली म्हणून लवकर निघालो. उघड."

किल्ली फिरली, दार कडीवर आपटलं.

"आई? कडी का घातलीस? आई, पडलीस का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "खाली आहे."

"म्हणजे पडलीस."

"पडले नाही. आले."

बाहेर काहीतरी जिन्यावर घरंगळलं, पुठ्ठ्याचं. मग वहिनींचा आवाज आला, काय झालं म्हणून, आणि मुलाचा, आत पडलीय म्हणून.

"मी दार मोडतो," मुलगा म्हणाला.

"मोडू नकोस. घरमालकाचं आहे."

"मग उघडणार कोण?"

बाईंनी छताकडे बघितलं. कपाटाखाली बघतेस का जरा, असं आतून कुणी विचारलं होतं, आणि बाहेरच्या खोलीतून बसल्या जागेवरून उत्तर गेलं होतं. आज बाई आतल्या खोलीत होत्या आणि बाहेरून विचारणारा दाराशी उभा होता. तेच दोन आवाज, जागा बदललेल्या.

"थांब," त्या म्हणाल्या. "उठते."

"वहिनी, तुम्ही शांत राहा," मुलगा बाहेर म्हणाला.

कुशीवर. कोपर बाहेर काढलं. उलटल्या. रांगण्यात आल्या. उजवा पाय पुढं रोवला, हात गुडघ्यावर दाबले, आणि मागचा डावा पाय धुळीवरून सरकला. बाई पुन्हा कुशीवर आल्या. खांदा कपाटावर आपटला.

"काय झालं?" दोघांचे आवाज एकदम.

"काही नाही. उसवलं."

"एक, दोन," मुलगा बाहेरून मोजायला लागला, अडकलेली लिफ्ट ढकलताना माणसं मोजतात तसं.

"मोजू नकोस. चुकायला होतं."

बाहेर सगळं शांत झालं. बाईंनी थोडा दम खाल्ला. यंत्र त्यांनी दातांत धरलं, सुई धरायच्या तसं, म्हणजे दोन्ही हात मोकळे झाले. आत धुळीची चव आली. या खेपेला त्यांनी डावा पाय पुढं घेतला. मास्तरांनी तो नेहमी मागं ठेवायला सांगितला होता, पण उजवा पाय चौतीस वर्षं खाली दाबायलाच शिकला होता. तर मग दाबू दे मागून. डावा नुसता उभा राहिला तरी पुरे. त्यांनी दाबलं. अंग वर गेलं, मधेच थांबलं, थरथरलं. तिथं ते बराच वेळ राहिलं, वर नाही आणि खाली नाही. मग वर गेलं.

बाई कपाटाला न धरता उभ्या होत्या. त्यांना चक्कर आली, गेली. त्या चालत दाराशी आल्या आणि कडी काढली.

मुलगा घामानं भिजला होता. त्याच्यामागं वहिनी, आणि वहिनींच्या मागं जिनाभर चपटी केलेली खोकी पसरलेली. बाईंचा गाऊन छातीपासून गुडघ्यापर्यंत धुळीनं माखला होता, एका गालावर फरशीचा ठसा होता, आणि दातांत काहीतरी होतं. त्यांनी ते काढून तळहातावर घेतलं.

"उठले," त्या म्हणाल्या.

"मी बघितलं कुठं?"

"तू लवकर आलास, त्याला मी काय करू?"

वहिनी तोंडावर हात ठेवून खाली निघून गेल्या. मुलगा आत आला आणि त्याची नजर तळहातावर गेली.

"बाबांचं यंत्र. कुठं होतं?"

"कपाटाखाली."

"तिथं त्यांनी बघितलं असेल की."

"त्यांची पाठ धरली होती. मला म्हणाले बघ. मी म्हणाले बघितलं." बाईंनी यंत्रावरची धूळ अंगठ्यानं पुसली. "बघितलं नव्हतं. उठले नव्हते खुर्चीतून."

मुलगा स्टुलावर बसला. बराच वेळ गाऊनवरच्या धुळीकडे बघत राहिला. मग उठला, स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला आणि आतूनच म्हणाला, "साखर किती घेतेस हल्ली?"

"तेवढीच."

परत करून दाखव, असं तो म्हणाला नाही. दुपारी जेवताना त्यानं सुनेला फोन केला आणि सांगितलं, पडदे राहू दे, पाहुण्यांना होतील. चार वाजता निघाला. दारात थांबून म्हणाला, "पण कडी घालू नकोस. घालायचीच असेल तर मला आधी फोन कर, मी लवकर निघत जाईन." मग त्याला खोकी आठवली. "ही गाडीत परत टाकतो."

"एक ठेव," बाई म्हणाल्या.

तो गेल्यावर त्यांनी टेबलाच्या खणातून यजमानांच्या सेलची पट्टी काढली. दोन सेल शिल्लक होते, गोळीएवढे, चिकटपट्टी लावलेले. एकाची पट्टी सोलली, यजमान थांबायचे तसं मिनिटभर थांबल्या, आणि तो यंत्रात बसवला. मूठ मिटली. मुठीतून शिट्टी वाजली. तीच, जेवणातली, बातम्यांतली, कूस बदलतानाची.

बाईंनी खोक्याचा पुठ्ठा कपाटासमोर पसरला आणि त्यावर आडव्या झाल्या. मूठ कानाशी धरली. उद्या पोटऱ्या दुखणार हे त्यांना आताच कळत होतं. कपाटाखाली धुळीत त्यांच्या हाताचा लांब पट्टा उमटला होता, भोकाला वळसा घालून भिंतीपर्यंत गेलेला.

"बघितलं," बाई म्हणाल्या. आवाज त्यांनी मोठा ठेवला होता, जुन्या सवयीनं. "होतं तिथं."

शिट्टी वाजत राहिली. थोड्या वेळानं त्यांनी मूठ उघडली, सेल काढून गाऊनच्या खिशात टाकला, आणि डाव्या पायाचे दहा केले.